व्हेनोनॅटचा व्हेनोमॉथ करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोकेमॉन व्हायोलेट हा व्हिडिओ गेम खेळताना पकडलेला व्हेनोनॅट हा किडा लेव्हल 30 वर आलाय. अजून एक लेव्हल चढली की तो एव्हॉल्व्ह होईल, म्हणजे रूप बदलून त्याचा व्हेनोमॉथ हा पतंग होईल. मित्राचं म्हणणं, "आकडे बघ त्याचे, कशातच दम नाही, बॉक्समध्ये टाक." तुमच्या शंका तीन: ठेवण्यात अर्थ आहे का, पंख आहेत म्हणजे ग्राउंड (जमीन) टाइपचे हल्ले चुकतील का, आणि दोनतीन अ‍ॅबिलिटी (अंगभूत गुण) दिसतात त्यातली कुठली चांगली.

लगेच हवी असतील तर उत्तरं अशी: ठेवा. ग्राउंडचे हल्ले लागतात. टिंटेड लेन्स.

आता सविस्तर. कारण मित्र आकडे वाचून बोलतोय, आणि हा पोकेमॉन नुसते आकडे वाचून समजत नाही. मी स्वतः त्याला दहाएक वर्षं कचरा समजत होतो.

आकडे आधी मांडू. एचपी 70, अटॅक 65, डिफेन्स 60, स्पेशल अटॅक 90, स्पेशल डिफेन्स 75, स्पीड 90. बेरीज 450. एवढी बेरीज असलेले पोकेमॉन ढिगाने सापडतात आणि त्यातले बहुतेक कुणी वापरत नाही. शिवाय बटरफ्रीसारख्या जुन्या किड्यांचे आकडे 2013 च्या एक्स आणि वायमध्ये वाढवून दिले गेले, व्हेनोमॉथला तेव्हाही काही मिळालं नाही. 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये जुन्या एकाच 'स्पेशल'चे दोन तुकडे झाले, तेव्हा 90 आणि 75 अशी वाटणी झाली. त्यानंतर एकही आकडा हललेला नाही. म्हणजे 1996 चा व्हेनोमॉथ आणि तुमच्या हातातला, अंगाने एकच. फरक पडला तो भोवतालच्या नियमांनी.

पहिल्या पिढीत, म्हणजे 1996 पासूनच्या पहिल्या खेळांत, याची गंमतच होती. बग (किडा) आणि पॉइझन (विष) असे दोन टाइप, पण त्या काळी हल्ला फिजिकल की स्पेशल हे टाइपवरून ठरायचं. बग फिजिकल, पॉइझनही फिजिकल. म्हणजे स्वतःच्या टाइपचा कुठलाही हल्ला केला तर तो 65 च्या अटॅकवरून मोजला जाणार, आणि 90 चा स्पेशल तसाच पडून राहणार. त्यातून बगचा हल्ला होता तो लीच लाइफ, ताकद 20. त्यामुळे त्याचा खरा हल्ला होता सायकिक, जो त्याच्या टाइपचाच नव्हता. आणखी एक उलटा प्रकार असा की त्या पिढीत बगचे हल्ले पॉइझनवर दुप्पट लागायचे, म्हणजे या पतंगाला दुसऱ्या किड्याचा डंख दुप्पट बसायचा. हा हिशोब दुसऱ्या पिढीत दुरुस्त झाला.

तेव्हा तो उपयोगी पडायचा तो पावडरींमुळे. पहिल्या पिढीत झोप सात टर्नपर्यंत टिकायची, आणि जाग येण्याचा टर्नही फुकट जायचा. क्रिटिकलची, म्हणजे जादा जोराच्या फटक्याची, शक्यता बेस स्पीडवरून ठरत असे: 512 पैकी 90, म्हणजे सतराअठरा टक्के. स्लीप पावडर टाकायची, दुसऱ्याला स्टन स्पोरने लुळं करायचं आणि वर सायकिक मारायचं. हा खेळ चालायचा. पण तेच काम जास्त चांगलं करणारे बरेच होते.

कोगाचा व्हेनोमॉथ ज्यांनी झेललाय त्यांना ही पिढी आठवत असेल. 1998 च्या यलोमध्ये फ्युशिया सिटीच्या या निन्जा जिम लीडरने रेड-ब्लूमधले कॉफिंग, मक, वीझिंग बाजूला ठेवले आणि तीन व्हेनोनॅट आणले, लेव्हल 44, 46 आणि 48, मागे लेव्हल 50 चा व्हेनोमॉथ. त्याच्याकडे सायकिक होतं, आणि तेव्हा पॉइझन टाइपची गर्दी एवढी होती की विष ओकणाऱ्या जिममधला पतंगच तुमच्या विषारी पोकेमॉनना आडवा करायचा. पुढे कोगा एलिट फोर या जिम लीडरांच्याही वरच्या चौघांत गेला, तिथेही व्हेनोमॉथ बरोबर. जिम त्याची मुलगी जनीन चालवू लागली, तिच्याकडेही व्हेनोमॉथ. घराण्याचा पोकेमॉन म्हणा ना.

दुसऱ्या पिढीत स्लज बॉम्ब आला, ताकद 90, व्हेनोमॉथ शिकू शकत होता. पण पॉइझन अजून फिजिकल, म्हणून पुन्हा तोच 65. तिसऱ्या पिढीतही तेच रडगाणं. चांगला हल्ला हातात, पण तो मोजला जाणार भलत्याच आकड्यावरून.

कोंडी फुटली 2006 साली, डायमंड-पर्लमध्ये. टाइप कुठलाही असो, प्रत्येक मूव्ह स्वतंत्रपणे फिजिकल किंवा स्पेशल ठरू लागली. स्लज बॉम्ब स्पेशल झाला. बग बझ नावाची नवी मूव्ह आली, ताकद 90, तीही स्पेशल. आणि त्याच पिढीत याला टिंटेड लेन्स ही अ‍ॅबिलिटी मिळाली. चार वर्षांनी, 2010 च्या ब्लॅक-व्हाइटमध्ये, क्विव्हर डान्स आला: एका टर्नमध्ये स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड तिन्ही एकेक पायरी वर. पायरी म्हणजे दीडपट. व्हेनोमॉथकडे पडून असलेले दोन्ही 90 एकदम कामाला लागले. तुमचा मित्र म्हणतो ते आकडे खरे आहेत, पण ते नाचाआधीचे आकडे आहेत.

जरा जवळून बघू. लेव्हल 100, टिमिड नेचर (स्पीड वाढवणारा स्वभाव), स्पीडमध्ये 252 ईव्ही (सरावाने मिळणारे गुण) आणि 31 आयव्ही (जन्मजात गुण) असेल तर स्पीड होते 306. एका क्विव्हर डान्सनंतर 459. ड्रॅगापल्टचा बेस स्पीड 142, पूर्ण जोर लावून 421. तोही मागे. निन्जास्क मात्र 460 वर जातो, एका गुणाने पुढे. निन्जास्कशी रोज गाठ पडत नाही, पण ज्या दिवशी पडली त्या दिवशी मी आकडेमोड तीनदा तपासली होती. टिमिडऐवजी मॉडेस्ट घेतलं तर हल्ला वाढतो, पण नाचानंतरची स्पीड 418 वर अडकते आणि ड्रॅगापल्ट तीन गुणांनी पुढे निघतो. म्हणून माझं मत टिमिडला.

आता टिंटेड लेन्स. ही अ‍ॅबिलिटी काय करते? जो हल्ला समोरच्यावर कमी परिणाम करणार असतो, त्याचं नुकसान दुप्पट करते. अर्धा लागणारा पूर्ण लागतो, पाव लागणारा अर्धा. बग हा टाइप हल्ल्यासाठी बदनाम आहे: फायर, फायटिंग, पॉइझन, फ्लाइंग, घोस्ट, स्टील आणि फेअरी, सात टाइप त्याला अर्ध्यावर आणतात. पण एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. बगचा हल्ला अजिबात न लागणारा एकही टाइप नाही. पॉइझन स्टीलला शून्य, सायकिक डार्कला शून्य, ग्राउंड उडणाऱ्याला शून्य. बग कुणालाच शून्य नाही. त्यामुळे टिंटेड लेन्स आणि बग बझ एकत्र आले की एका टाइपने अडवणारा पोकेमॉन अडवतच नाही. दोन्ही टाइप अडवणारे असतील तरच त्याला खरा आडोसा मिळतो, आणि असे फार नसतात.

जे असतात ते मात्र डोकेदुखी आहेत. कॉर्विनाइट घ्या, फ्लाइंग-स्टील. एचपीत पूर्ण 252 ईव्ही घातले की त्याचे 400 गुण होतात. समजा आपला टिमिड व्हेनोमॉथ, स्पेशल अटॅकला पूर्ण ईव्ही, एकदा नाचलेला, बग बझ मारतो. टिंटेड लेन्स नसती तर 49 ते 58 लागलं असतं. असताना लागतं 98 ते 116. दुप्पट झालं, पण 400 मधून. तो रूस्ट करून एका टर्नमध्ये 200 परत मिळवतो. स्लज बॉम्ब स्टीलला लागतच नाही. म्हणजे कॉर्विनाइट समोर उभा असेल तर नाचत बसू नका, त्याला झोपवा आणि दुसरा पोकेमॉन पुढे करा. गोल्डेंगो त्याहून वाईट: स्टील-घोस्ट असल्याने बग बझ पावच्या जागी अर्धा लागतो, विष शून्य, आणि गुड अ‍ॅज गोल्ड या त्याच्या अ‍ॅबिलिटीमुळे स्लीप पावडर त्याच्यावर चालतच नाही. गोल्डेंगो दिसला की मी व्हेनोमॉथला सरळ मागे बसवतो.

आता अ‍ॅबिलिटीची गोष्ट, आणि माझी फजितीही. व्हेनोनॅटच्या तीन अ‍ॅबिलिटी: कंपाउंड आइज, टिंटेड लेन्स, आणि हिडन (क्वचित मिळणारी) म्हणून रन अवे. व्हेनोमॉथच्या तीन: शील्ड डस्ट, टिंटेड लेन्स, हिडन वंडर स्किन. जागा जागेला जुळते. म्हणजे कंपाउंड आइजवाला व्हेनोनॅट एव्हॉल्व्ह झाला की शील्ड डस्टवाला होतो. मला हे ठाऊक नव्हतं. हार्टगोल्ड खेळताना मी मुद्दाम कंपाउंड आइजवाला व्हेनोनॅट शोधला, कारण ही अ‍ॅबिलिटी अचूकता 1.3 पट करते आणि 75 टक्क्यांची स्लीप पावडर 97.5 वर जाते. चांगल्या नेचरचा एक सापडेपर्यंत संध्याकाळ गेली. लेव्हल 31 ला अ‍ॅनिमेशन झालं, कौतुकाने माहितीचं पान उघडलं, तर शील्ड डस्ट. बटरफ्रीकडे कंपाउंड आइज टिकते, याच्याकडे नाही. अ‍ॅबिलिटी बदलून देणारी अ‍ॅबिलिटी कॅप्सूल ही वस्तू तेव्हा नव्हती, ती सहाव्या पिढीत आली. त्या पतंगाला मी रागाने बॉक्समध्ये टाकलं, आणि वर म्हटलेल्या दहाएक वर्षांतली बरीचशी वर्षं या रागातच गेली.

तुमच्या खेळात कॅप्सूल मिळते, म्हणजे एवढी चिंता नाही. तरी एव्हॉल्व्ह करण्याआधी बघून घ्या. रन अवे असेल तर मात्र वंडर स्किन मिळेल आणि कॅप्सूल हिडन अ‍ॅबिलिटी बदलू शकत नाही. वंडर स्किन म्हणजे समोरच्याच्या स्टेटस मूव्हची अचूकता 50 टक्क्यांवर आणणं. ऐकायला बरं वाटतं, पण नाणेफेकीवर मी टीम बांधत नाही. शील्ड डस्ट हल्ल्याबरोबर येणारे जादा परिणाम थांबवते: स्काल्डने भाजणं, फेक आउटने दचकून टर्न जाणं. वाईट नाही. पण स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये कव्हर्ट क्लोक नावाची वस्तू आहे, ती नेमकं हेच करते आणि कुणालाही देता येते. टिंटेड लेन्सचं काम करणारी वस्तू कुठेच मिळत नाही. माझ्या लेखी निवड इथेच संपते.

पंखांचं काय? व्हेनोमॉथ उडतो, चित्रातही हवेतच दिसतो, पण त्याचा टाइप फ्लाइंग नाही आणि लेव्हिटेट ही तरंगण्याची अ‍ॅबिलिटीही नाही. खेळाच्या हिशोबात तो जमिनीवर आहे. भूकंप (अर्थक्वेक हा ग्राउंडचा हल्ला) बसतो. पण ऐका, बग ग्राउंडला अर्ध्यावर आणतो आणि पॉइझन दुप्पट करतो, म्हणून शेवटी साधा एकपट बसतो. इतर पॉइझन टाइप जसे भूकंपाला घाबरतात तसं याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते फायर, फ्लाइंग, रॉक आणि सायकिक यांना. ग्रास आणि फायटिंग याच्यावर पावच लागतात. बग, पॉइझन आणि फेअरी अर्धे.

जमिनीवर असण्याचा एक फायदा आहे आणि तो मला फार आवडतो. समोरच्याने तुमच्या बाजूला टॉक्सिक स्पाइक्स (विषारी काटे) पसरले असतील आणि जमिनीवरचा पॉइझन टाइप मैदानात उतरला, तर ते काटे नाहीसे होतात. व्हेनोमॉथ नुसता आत आला की काम झालं. फ्लाइंग असता तर वरूनच गेला असता आणि काटे तसेच राहिले असते. उलट स्टेल्थ रॉकचा, म्हणजे आपल्या बाजूला पसरलेल्या टोकदार दगडांचा, जाच आहे: रॉक दुप्पट लागतो म्हणून आत पाऊल टाकताच एचपीचा चौथा हिस्सा जातो. लेव्हल 100 ला साधारण 281 पैकी 70. दोनदा आत-बाहेर केलं की अर्धा मेलेला. म्हणून अशा सापळ्यांपासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स द्या. बूट घातले तरी टॉक्सिक स्पाइक्स तो उचलतोच.

मूव्ह चार: क्विव्हर डान्स, स्लीप पावडर, बग बझ, आणि चौथी जागा टीमप्रमाणे. चौथ्या जागी मी बहुतेकदा स्लज बॉम्ब ठेवतो, फेअरी आणि ग्राससाठी. टीममध्ये फेअरीचा बंदोबस्त आधीच असेल तर सायकिक. क्रम असा: जो पोकेमॉन व्हेनोमॉथला फारसं काही करू शकत नाही त्याच्यासमोर आणायचा, स्लीप पावडर, झोपला की नाच, मग मारत सुटायचं. झोप 1 ते 3 टर्न टिकते, म्हणजे नाचाला किमान एक मोकळा टर्न बहुतेकदा मिळतो. दुसरा नाच हा हावरटपणा. दुसऱ्या नाचाच्या टर्नला समोरचा जागा झाल्याने हरलेले सामने मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत.

आणि पावडर चुकते. चारातून एकदा. लागोपाठ दोनदा चुकण्याची शक्यता सोळात एक, आणि ती नेमकी अंतिम सामन्यात येते असं सगळ्यांनाच वाटतं. वाइड लेन्स ही वस्तू दिली तर 75 चं 82.5 होतं, पण मग बूट सोडावे लागतात. मला तो सौदा परवडत नाही. ग्रास टाइपवर पावडर चालत नाही, हा नियम सहाव्या पिढीपासूनचा. सेफ्टी गॉगल्स घातलेल्यावर नाही, ओव्हरकोट अ‍ॅबिलिटीवर नाही, इलेक्ट्रिक किंवा मिस्टी टेरेनमध्ये जमिनीवरच्या कुणावर नाही. बऱ्याच खेळाडूंच्या आपापसातल्या नियमांत एका वेळी एकालाच झोपवायची मुभा असते, तेही विचारून घ्या. बॅटन पासबद्दलही विचारा. व्हेनोनॅटला ती मिळू शकते, आणि नाचून वाढवलेले आकडे दुसऱ्या तगड्या पोकेमॉनच्या हवाली करणं हा एकेकाळी याचा मुख्य धंदा होता. आता अनेक ठिकाणी त्यावर बंदी आहे.

डबल्समध्ये (दोन विरुद्ध दोन) वेगळं. तिथे दोन टर्न शांतपणे नाचू देणारं कुणी भेटत नाही. तिथे अंड्यातून, म्हणजे पैदाशीतून, येणारी रेज पावडर कामाची: समोरच्यांचे हल्ले स्वतःकडे ओढायचे आणि जोडीदाराला सेट-अप करू द्यायचं. लेव्हल 50 ला याची जास्तीत जास्त स्पीड 156, झोपवण्याचं काम पहिल्या फटक्यात उरकायला बऱ्याचदा पुरते. पण डबल्समध्ये अमूंगससारखे पावडरवाले ठाण मांडून आहेत, त्यांच्यापेक्षा हा वेगवान असला तरी टणक नाही. हौस असेल तरच.

मग व्होल्कारोना का नको? तोही नाचतो आणि त्याचा स्पेशल अटॅक 135. नको कशाला, असेल तर जरूर घ्या. पण व्होल्कारोना झोपवू शकत नाही, आणि बग-फायर असल्याने स्टेल्थ रॉकने त्याचा अर्धा जीव जातो. व्हिव्हिलॉन झोपवतो आणि नाचतो, कंपाउंड आइजमुळे पावडर जवळपास चुकत नाही, स्पीड 89, फक्त एकाने कमी. पण तो बग-फ्लाइंग, म्हणजे स्टेल्थ रॉकने त्याचाही अर्धा जीव जातो, आणि डिफेन्स दोन्ही 50. अडवणाऱ्यांना भेदायची सोय नाही. झोपवणं, नाचणं आणि अडवणाऱ्याला भेदणं, हे तिन्ही एकाच अंगात पाहिजे असेल तर व्हायोलेटमध्ये तरी फिरून फिरून याच पतंगाकडे यावं लागतं.

तुम्ही कथा खेळताय, स्पर्धा नाही, तेव्हा एवढं सगळं लागणारही नाही. कथेतल्या टीम स्टार टोळीच्या एरीचे फायटिंगवाले आणि ऑर्टेगाचे फेअरीवाले, दोन्ही याच्या तावडीतले: एकाचे हल्ले पाव लागतात, दुसऱ्याला स्लज बॉम्ब दुप्पट. मेलाच्या फायरवाल्यांसमोर नेऊ नका. ट्युलिपच्या सायकिक जिममध्ये बग बझ चांगला लागतो पण तिचेही हल्ले तुम्हाला दुप्पट लागतात, म्हणजे जो आधी मारेल त्याचं. व्हायोलेटच्या पाल्डिया प्रदेशभर जंगली लढायांत झोपवणारा पोकेमॉन पकडापकडीला सोयीचा असतो, हा वेगळाच फायदा.

थोडं विषयांतर, कारण हा प्राणी रचणाऱ्याने खऱ्या पतंगांकडे नीट बघितलंय असं मला वाटतं. पोकेडेक्स सांगतो की याच्या पंखांवरचे धुळीसारखे खवले रंगावरून ओळखता येतात, कुठल्या रंगात कुठलं विष ते. दुसऱ्या एका नोंदीत तो निशाचर आहे आणि रस्त्याच्या दिव्याभोवती जमणारे लहान किडे खातो. खऱ्या पतंगाला चिमटीत धरलं की बोटाला जी भुकटी लागते ती खरोखर खवल्यांचीच. फुलपाखरं आणि पतंगांच्या गणाचं लेपिडॉप्टेरा हे नावच 'खवल्यांचे पंख' असं सांगतं. हे खवले सहज सुटतात, म्हणून कोळ्याच्या जाळ्याला चिकटतात ते खवले आणि पतंग निसटतो. ती भुकटी विषारी नसते. विष असतं ते दुसरीकडे. बर्नेट पतंगांच्या अंगात सायनाइडची संयुगं असतात आणि लालकाळा भडक रंग त्याची आगाऊ सूचना देतो. दक्षिण अमेरिकेतल्या हायलेसिया पतंगाच्या पोटावरचे बारीक केस हवेत उडून माणसाच्या कातडीला आग लावतात. व्हेनेझुएलातल्या कारिपितो बंदराच्या नावाने ती खाज ओळखली जाते. भडक रंगाची सूचना आणि हवेत उडणारी भुकटी एकत्र केली की व्हेनोमॉथ तयार. दिव्याखाली टपून बसणंही खरं आहे, फक्त तिथे शिकारी वटवाघूळ असतं आणि पतंग हे भक्ष्य. खेळात पतंगालाच शिकारी केलंय.

चाहत्यांमध्ये एक जुनी वावडी आहे की व्हेनोमॉथ आणि बटरफ्री यांची चित्रं शेवटच्या क्षणी अदलाबदल झाली. व्हेनोनॅटचे लाल डोळे, मिशा, छोटे हात बटरफ्रीशी जुळतात, आणि मेटापॉडमधून (बटरफ्रीच्या कोषातून) व्हेनोमॉथ निघणं जास्त पटतं, असा युक्तिवाद. चित्रं शेजारी ठेवली की मीही थबकतो. पण पुरावा म्हणावा असं त्यात काही नाही, साम्य आहे एवढंच. मला त्यापेक्षा वजनाची नोंद गमतीची वाटते: व्हेनोनॅट एक मीटर उंच आणि 30 किलो, व्हेनोमॉथ दीड मीटर आणि साडेबारा किलो. उंची वाढली आणि निम्म्याहून जास्त वजन गेलं. कोषातून निघालेल्या कुठल्याही खऱ्या पतंगाला विचारा, तो म्हणेल बरोबर आहे.

तर आता करायचं काय? व्हेनोनॅटचं माहितीचं पान उघडून अ‍ॅबिलिटी बघा. टिंटेड लेन्स असेल तर थेट, कंपाउंड आइज असेल तर कॅप्सूल वापरून, लेव्हल 31 होऊ द्या आणि मध्येच थांबवू नका. एव्हॉल्व्ह झाला की माहितीच्या पानावर क्विव्हर डान्स मिळतो का बघा. मूव्ह आठवून देण्याची सोय त्याच पानावर आहे. नेचर टिमिड नसेल तर नेचर बदलणारी मिंट द्या. मग मित्राला एका सामन्याला बोलवा. त्याच्या टीममध्ये कॉर्विनाइट नाही ना, एवढं आधी बघून घ्या.